दहा मोजेपर्यंत

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा त्यावर दाबायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा. गुडघ्याच्या व्यायामातला हा पहिला धडा. आकडे मी मोजत नाही, पेशंटलाच मोजायला लावते. मोठ्यानं मोजताना माणूस श्वास कोंडून धरत नाही. बावीस वर्षं लोकांना असं मोजायला लावल्यावर एक गोष्ट लक्षात आली आहे. म्हातारी माणसं सहा-सातवर येऊन थांबतात आणि भलतंच काही बोलतात.

एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा असेच सातवर थांबले. म्हणाले, "ही आधी गेली ना, तर मी या घरात राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो." आजी आत चहा टाकत होत्या. मुलगा पलीकडच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. मी म्हटलं, "आठ." त्यांनी आठ, नऊ, दहा मोजले आणि विषय मिटला. निघताना मुलगा लिफ्टपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मॅडम, पुढचं काय ते बाबांना विचारायचंय हो, दोन वर्षं झाली. विषयच निघत नाही." विषय पाच मिनिटांपूर्वी त्याच्याच घरात निघाला होता. फक्त भिंतीच्या अलीकडे.

मी घरोघरी जाऊन उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट. सुरुवातीची चार वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी केली. त्यानंतर आजतागायत स्कूटर, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये थेराबँड, कोनमापक, मोजपट्टी. खुब्याचं हाड मोडलेले, गुडघे बदललेले, पॅरालिसिस झालेले, पार्किन्सनमुळे पावलं अडखळणारे असे माझे पेशंट, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. मला बोलावणं येतं ते माणूस पडल्यावर, ही या कामातली खंत. आणि पडण्याची गोष्ट घरोघर जवळजवळ सारखीच असते. रात्रीचे दोन-तीन वाजलेले, लघवीला उठलेलं माणूस आणि अंधार. दिवा का नाही लावलात, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं : "कशाला उगीच सगळ्यांची झोप मोडायची?"

हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता त्यात मला नुसती बाथरूमची वाट दिसत नाही. कोणाला त्रास नको म्हणून दिवा लावायचा नाही, कोणाला वाईट वाटेल म्हणून तोंड उघडायचं नाही. मुलांचंही तेच. आपण विचारलं तर आई-बाबांना वाटेल, ही पोरं आमच्या जाण्याची वाट बघतायत. मग दोन्हीकडची माणसं भिंतीला हात लावत लावत अंधारातनं चालत राहतात, एकमेकांची झोप मोडू नये म्हणून.

रुग्णालयातला एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. आयसीयूत माझं काम छातीचं. कफ सुटावा म्हणून पेशंटच्या छातीवर ओंजळीनं थापट्या द्यायच्या, कूस बदलायची, खोकायला लावायचं. तिथं एका बाईंची किडनी आणि फुप्फुसं दोन्ही थकत चालली होती. व्हेंटिलेटर अजून लावलेला नव्हता. डॉक्टरांनी बाहेर येऊन तिन्ही मुलांना विचारलं, "श्वास आणखी खालावला तर नळी घालायची का? यांची स्वतःची इच्छा काय होती? कधी काही बोलल्या होत्या?"

थोरला म्हणाला, आईनं आयुष्यात कधी हार मानलेली नाही. धाकटी म्हणाली, आईला दुसऱ्यानं वेणी घातलेलीसुद्धा आवडायची नाही, तिला हे नळ्यांचं नकोच असणार. दोघंही खरंच बोलत होती. मधल्यानं न बोलता कागदावर सही केली. त्या सहीवरून भावंडांत पुढे अबोला झाला, हे बऱ्याच दिवसांनी कानावर आलं. पण मला आठवते ती धाकटी. जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "आईनं सगळं सांगून ठेवलं होतं हो. सवाष्ण गेले तर हिरवा शालू नेसवा. पाटल्या थोरलीला, गोठ धाकटीला. दहाव्या-तेराव्याला उगाच खर्च करू नका. एवढं सगळं बोलली होती. नेमकं हे तेवढं राहिलं."

निरवानिरव हा आपल्याकडचा फार जुना आणि नेमका शब्द. घरोघरीच्या आज्या ती करायच्या. पेटी उघडून दाखवायच्या, कोणाला काय ते सांगायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. पण ती सगळी निरवानिरव मरणानंतरची. शालू कोणता आणि पाटल्या कोणाला, हे ठरलेलं असतं. मरणाच्या आधी जी पाच-सात-दहा वर्षं दुसऱ्याच्या हातांवर काढावी लागतात, त्यांची निरवानिरव कोणी करत नाही. पूर्वी ती करायची वेळ फारशी येतही नसे. खुबा मोडला की माणूस अंथरूण धरायचं आणि काही महिन्यांत जायचं. आता दोन दिवसांत ऑपरेशन होतं, तिसऱ्या दिवशी मी वॉकर घेऊन उभी असते, आणि त्यानंतर वर्षंच्या वर्षं समोर असतात. एकसष्टी होते, पंचाहत्तरी होते, सहस्रचंद्रदर्शनाला हॉल घेतला जातो. दिव्यांनी ओवाळतात, तुला करतात. दुसऱ्या दिवशी रात्री बाथरूमपर्यंत धरून कोण नेणार, एवढं ठरलेलं नसतं.

बोलायला हवं हे मला त्या आयसीयूच्या दाराशीच कळलं. कसं बोलावं हे कळायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली, आणि मधल्या काळात मी चुका केल्या. त्यातली एक सांगते.

कसबा पेठेतल्या वाड्यात पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. मोडलेला खुबा सांधून झाला होता. वाड्याचा जिना लाकडी, अंधारा, पायऱ्या साडेआठ-नऊ इंचांच्या, कठड्याला धरावं तर कठडाच हलायचा. मुलाचा फ्लॅट वाकडला, अकराव्या मजल्यावर, लिफ्टसकट. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमचं ऐकेल ती. तुम्हीच सांगा." मी मोजपट्टी काढून प्रत्येक पायरी मोजली आणि निकाल दिला, "आजी, हा जिना तुमचा घात करेल." त्या ऐकून घेत होत्या. मग एकच प्रश्न विचारला, "तिथं सकाळी दारावर कोण येतं?" मी हसले. म्हटलं, "आजी, तिथं खाली सिक्युरिटी असते. दारावर कोणी येत नाही. अगदी निर्धास्त राहा."

सहा महिन्यांनी त्याच मुलानं पुन्हा बोलावलं. घर नमुनेदार होतं. उंबरे काढलेले, बाथरूममध्ये धरायला दांड्या, कमोडची उंची माझ्या मापानं. आणि आजी चालायच्या बंद झाल्या होत्या. कोनमापक लावून बघितला तर खुबा छान वाकत होता. "चालत का नाही?" म्हटलं तर म्हणाल्या, "कुठं जाऊ? या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत?" वाड्यात त्या दुधासाठी उतरायच्या, फुलपुडीवालीशी हुज्जत घालायच्या, संकष्टीला कसब्याच्या गणपतीला जायच्या. तो घातकी जिना त्या दिवसातून दोनदा चढत-उतरत होत्या, कारण खाली कोणीतरी होतं. मी पायऱ्या मोजल्या. त्या कशासाठी उतरायच्या ते विचारलं नाही. त्यांनी वाड्यातच राहायला हवं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. जिना खरंच वाईट होता. पण त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला होता आणि मी हसून तो उडवून लावला. आठवलं की अजून ओशाळायला होतं.

तेव्हापासून मी पहिला प्रश्न बदलला. "काय त्रास होतो?" हे नंतर. आधी विचारते, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?" त्या उत्तरात माणूस कशाच्या आधारावर उभं आहे ते दिसतं. कोणाचा पेपर, कोणाचं भजनी मंडळ, कोणाची कट्ट्यावरची भांडणं. पुढची व्यवस्था ठरवायची ती हे आधार न मोडता. आधी फ्लॅट बघायचा आणि मग त्यात माणूस बसवायचा, हे उलटं होतं.

पैशाचा विषय निघाला की घराघरांत अप्पा बेलवलकर उभे राहतात. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं 1970 साली. त्यातल्या नायकानं सगळं मुलांना वाटून टाकलं आणि तो रस्त्यावर आला, हे मराठी मध्यमवर्गाच्या हाडात मुरलेलं आहे. "माझा बेलवलकर व्हायचा नाही," हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं. ही भीती खोटी नाही. तिच्यावर कायद्याचा थोडा आधार आहे, तोही लोकांना ठाऊक नसतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, घर बक्षीसपत्रानं देताना 'देखभाल करण्याच्या अटीवर' असं त्यात लिहिलं असेल आणि मुलांनी ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली असणं महत्त्वाचं. प्रेमाच्या भरात कोणी ती लिहीत नाही.

पण या भीतीपायी काही वडील उलट टोकाला जातात आणि कशाचाच पत्ता लागू देत नाहीत. असे एक गृहस्थ माझे पेशंट होते. हिशेबाला चोख, सगळी खाती एकट्याच्या नावावर. पुढे विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग नातवाचं नाव. मुलगा निश्चिंत होता, कारण वडिलांनी पूर्वीच त्याच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं होतं. बँकेत गेल्यावर कळलं की ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याचीच समज हरपली, तर आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे गरज पडली त्याच दिवशी कागद निकामी. ठेवी होत्या, पेन्शन जमा होत होती, आणि सेवेकरी मावशींचा पगार मुलगा कर्ज काढून देत होता. चोवीस तासांची मावशी ठेवायची तर माझ्या पेशंटच्या घरांत आज महिन्याला 20 हजारांच्या खाली भागत नाही. डायपर, एअर बेड, औषधं वेगळी. वडिलांच्या पैशाला हात लावायला कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या घरात शेवटी उपयोगी पडलं ते आईबरोबरचं एकच जुनं संयुक्त खातं, दोघांपैकी कोणीही सही करून पैसे काढू शकेल असं. त्यात गॅस अनुदान यायचं, म्हणून कोणी बंद केलं नव्हतं.

याच्या अगदी उलट एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दोनशे पानी वही केली होती. पहिल्या पानावर लॉकर कुठे, किल्ली कुठे, विम्याचे हप्ते, मृत्युपत्र कोणत्या कपाटात. तिथवर नवल नाही. नवल पुढच्या पानांचं. 'मला दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागलं तर', 'मी माणसं ओळखेनाशी झाले तर', 'मी बोलू शकत नसले तर' अशी शीर्षकं आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात उत्तरं. आंघोळ बाईमाणसानंच घालावी. रेडिओ लावावा, टीव्ही नको. ओळखेनाशी झाले तर सुनेनं नोकरी सोडू नये, मला चांगल्या ठिकाणी ठेवावं, त्यासाठी अमुक ठेव मोडावी. दर दिवाळीच्या पाडव्याला फराळ झाला की त्या वही काढायच्या आणि सगळ्यांसमोर वाचायच्या, वर्ग घेतल्यासारखं. नातवंडं कंटाळायची. मुलगा म्हणायचा, "आई, सणासुदीला काय हे!" त्या म्हणायच्या, "सणासुदीलाच तर तुम्ही सगळे एका जागी सापडता."

नळ्यांबद्दलचं पान त्यांनी रीतसर कागदावर आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 ला वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून सहसा कोणी त्या वाटेला जात नसे. 24 जानेवारी 2023 च्या आदेशानं ते सोपं झालं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन, एवढ्यावर भागतं. बरं होण्याची आशा नाही आणि स्वतः निर्णय घेता येत नाही, अशा अवस्थेत कोणते उपचार नकोत ते त्यात लिहायचं आणि आपल्या वतीनं कोणी बोलायचं त्यांची नावं द्यायची. मग रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं तपासून निर्णय घेतात. याला पुष्कळ जण इच्छामरण म्हणतात, तसं ते नाही. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. बाईंनी एका वाक्यात सांगितलं, "मरण मागत नाहीये मी. मुलांना त्या दाराबाहेर एकटं पाडायचं नाही, इतकंच." मला आयसीयूबाहेरची ती तीन भावंडं आठवली.

एक शब्द मात्र घराघरांत बॉम्बसारखा वापरतात : वृद्धाश्रम. आई चिडली की म्हणते, "टाका मला वृद्धाश्रमात." मुलाला शाळेत घालतात, माणसाला दवाखान्यात ठेवतात, वृद्धाश्रमात मात्र टाकतात. क्रियापदानंच निकाल लावलेला असतो. त्या भरात मुलगा छातीवर हात ठेवून वचन देतो, "कधीच नाही." अशा एका वचनानं एका सुनेची पाठ कायमची गेलेली मी पाहिली आहे. सासूबाई नव्वद किलोच्या, अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि बाहेरचं माणूस लावायचं नाही, कारण वचन. दुसरीकडे, स्वतः तीन-चार ठिकाणं बघून, जेवण चाखून, महिनाभर राहून बघून मग गेलेल्या एक बाईही माझ्या पेशंट होत्या. त्या म्हणायच्या, "मला कोणी टाकलं नाही. मी आले." म्हणून मी मुलांना सांगते, 'कधीच नाही' आणि 'नक्कीच' हे दोन शब्द आई-वडिलांना देऊ नका. 'तुला विचारल्याशिवाय नाही' हे द्या. ते पाळता येतं.

इतकं सगळं शिकलेली मी स्वतःच्या घरी मात्र सपशेल नापास झाले.

माझे आई-वडील चिपळूणला, बाजाराजवळच्या बैठ्या घरात. अण्णा पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. तळमजले बुडाले, वीज गेली, फोन गेले. दीड दिवस दोघांचा पत्ता नव्हता. शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीलगतच्या खोलीत ती सुखरूप होती, कोरडे पोहे खाऊन. रस्ते मोकळे झाल्यावर मी आणि डोंबिवलीचा भाऊ पोचलो. घरात गुडघाभर चिखल, त्या चिखलात आईची पेटी, अण्णांच्या फायली, देव. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर पाण्याची तपकिरी रेघ. फावड्यानं चिखल ओढता ओढताच आम्ही निकाल दिला, "आता बास. पुण्याला चला."

पुढच्या फेरीला मी तयारीनं गेले. पेशंटच्या घरी वापरते तो तपासणीचा छापील फॉर्म बरोबर नेला. पायऱ्या, उजेड, औषधं, बाथरूमचं अंतर. अण्णांपुढे ठेवला. आयुष्यभर अर्ज तपासले त्याच नजरेनं त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "यात अर्जदार कोण?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी अर्ज केलेला नाही." फॉर्म परत माझ्या हातात देऊन ते मोगऱ्याच्या कुंड्यांचा चिखल धुवायला गेले. पुढचे सहा महिने त्या विषयावर आमचं एक अक्षर बोलणं झालं नाही.

मग चिखल उपसून त्यांचा खांदा जखडला. संक्रांतीच्या सुमारास मी आठवडाभर राहिले. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं, जिथवर पोचेल तिथं पेन्सिलची खूण करायची, हा त्यावरचा व्यायाम. घराला रंग दिला होता, पण पुराची रेघ अण्णांनी एका भिंतीवर मुद्दाम ठेवली होती. रोज नवी खूण त्या रेघेच्या जवळ सरकायची. "रेघेला हात लागला की खांदा पास," ते म्हणायचे. चौथ्या दिवशी बोटं वर धरून मोजताना ते सहावर थांबले.

"तिकडे रोज स्वतःच्या घरी जाताना वॉचमन विचारणार, कोणाकडे आलात?"

मी काही बोलले नाही. आकडाही सांगितला नाही. हे मात्र मी पेशंटांकडून शिकले होते.

"आणि तिकडे गेलो तर चार माणसं कोण आणणार? तुझ्या सोसायटीत सगळे ऑफिसला." मग सावकाश, "सात."

त्या दिवशी दुपारी आई विळीवर नारळ खवत होती. अण्णा झोपले होते. तिनं मान वर न करता सांगितलं, "मला यायचंय गो पुण्याला. पाऊस सुरू झाला की मला रात्रभर झोप नाही. नुसती पाण्याचा आवाज ऐकत बसते. पण यांच्यासमोर कसं बोलू? आणि लेकीच्या घरी जाऊन राहिली म्हणून लोक बोलतील ते वेगळंच."

मी थक्क झाले. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते, आई-वडिलांशी बोला. आणि स्वतः दोघांना एकच माणूस समजून, एकाच फॉर्मवर, एकाच वेळी विचारत होते. 'आई-बाबा' हा जोडशब्द तोंडात इतका बसलेला असतो की त्यातलं एक माणूस गेली पन्नास वर्षं दुसऱ्याच्या उत्तरामागे उभं आहे, हे दिसतच नाही. आता कोणत्याही घरी मी मुलांना पहिली गोष्ट हीच सांगते. दोघांना वेगवेगळं विचारा, आणि हातात काहीतरी काम असताना विचारा. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की मुलाखत होते. भाजी निवडताना, औषधांचे डबे भरताना, पाय चेपताना बोलणं होतं. आणि काय हवंय ते विचारू नका, ते सांगायला संकोच वाटतो. काय चालणार नाही ते विचारा. अण्णांना वॉचमनचा प्रश्न चालणार नव्हता. आईला पावसातल्या रात्री चालणार नव्हत्या. हे दोन नकार समोर आले आणि गुंता निम्मा सुटला. वर्षातले सगळे महिने सारखे थोडेच असतात?

ठरलं ते असं. पाऊस जोरावर येण्याआधी दोघांनी पुण्याला यायचं आणि गणपतीला दोन दिवस असताना परत जायचं. घरचा गणपती चुकवणं अण्णांच्या बाबतीत शक्यच नव्हतं. या मुक्कामाला त्यांनीच नाव दिलं, 'अर्धा चातुर्मास'. साधुसंतही पावसाळ्यात एका जागी थांबतात, त्यात कमीपणा नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की गावाची, ते ठाऊक नाही. लेकीच्या घरी फुकट राहणार नाही म्हणून विजेचं बिल ते भरतात. पहिल्यांदा मला ते फार लागलं होतं. मग लक्षात आलं, त्या बिलावर ते आमच्या घरात ताठ मानेनं बसतात. वॉचमनशी त्यांची आता गट्टी आहे. तो साताऱ्याकडचा निघाला.

सगळंच जमलं असं नाही. भावाला हे मी ठरल्यावर सांगितलं आणि तो महिनाभर नीट बोलला नाही. "मला विचारावंसं वाटलं नाही?" म्हणाला. त्याचं बरोबर होतं. आई-वडिलांशी बोलण्याच्या नादात भावाशी बोलायचं राहिलं, आणि उद्या आयसीयूबाहेर मला त्याच्याच शेजारी उभं राहायचं आहे. शिवाय ही व्यवस्था किती वर्षं चालेल, कोणास ठाऊक. दोघांपैकी एक गेलं, किंवा घाटातला प्रवास झेपेनासा झाला, की पुन्हा पहिल्यापासून. व्यायामासारखंच आहे हे. एकदा करून ठेवला असं होत नाही.

मुख्याध्यापिकाबाईंची गोष्ट सांगून मी अण्णांना एक वही दिली. त्यांनी समास आखला, पानांना क्रमांक घातले आणि वर लिहिलं, 'कौटुंबिक बैठकीचे इतिवृत्त'. भाऊ व्हिडिओ कॉलवर असतो. विषय क्रमांक एक, कागदपत्रं : आता शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत. विषय दोन, बँक : संयुक्त खातं केलं. विषय तीन, मदतीला बाई : आईची मंजुरी, अण्णांची हरकत नोंदवून. विषय चार, 'नळ्या, व्हेंटिलेटर इत्यादी'. त्यापुढे आईनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'नको', आणि खाली सही. त्याखाली अण्णांचं सुवाच्य अक्षर : 'सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील बैठकीत.' त्या ओळीखाली आता तीन तारखा पडल्या आहेत.

परवा मी थोडं चिडूनच म्हटलं, "अण्णा, किती वेळा पुढे ढकलणार?" ते म्हणाले, "फेटाळलेला नाही. प्रलंबित आहे." आणि भिंतीकडे वळून बोटं वर चढवायला लागले. त्या वेळी आठपर्यंत पोचले.